दाढेच्या खड्ड्यातली आवणी

नाशिकहून पेठला जाणारी एसटी. आषाढातला पाऊस, काचांवरून पाण्याच्या धारा. माझ्या शेजारी खिडकीकडे एक आजी बसल्या होत्या. गालावर पदर दाबून धरलेला, ओठ घट्ट मिटलेले. सावळघाटाची वळणं सुरू झाली तशी त्यांनी काच सरकवली, तोंडातला कापसाचा लाल बोळा बाहेर टाकला आणि जोरात थुंकल्या. थोड्या वेळानं पुन्हा. करंजाळी येईपर्यंत हे चार-पाच वेळा झालं, आणि दर वेळी थुंकी आधीपेक्षा लाल.

"आजी, दाढ काढली ना? थुंकू नका, रक्त थांबायचं नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाल धरूनच विचारलं, "मग काय रगत गिळू?"

प्रश्न अगदी रास्त होता. पायाला विळा लागला, काटा मोडला, तर जखम आधी धुवायची हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. तोंडातल्या या जखमेला मात्र सगळं उलटंच सांगतात. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, बोटही लावायचं नाही. आजींच्या पिशवीत औषधांबरोबर हे सगळं छापलेला कागद होता, पण का ते त्यात कुठेच नव्हतं. ज्या नियमाचं कारण कळत नाही तो नियम माणूस दुखण्याच्या घाईत विसरतो. आणि पेठच्या माणसाला हे विसरणं महागात पडतं. नाशिक सुमारे ५५ किलोमीटर. चौथ्या दिवशी ठणका लागला तर पुन्हा भाडं, पुन्हा घाट, पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडणार, तीही ऐन आवणीत.

म्हणून त्या दिवशी एसटीत अर्धवट राहिलेलं उत्तर इथे पूर्ण देतो.

दाढ निघते तेव्हा काय होतं

दात हाडात चिणून बसवलेला नसतो. दाताचं मूळ आणि भोवतीचं हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो, आणि त्या हजारो तंतूंनी दात हाडाला बांधलेला असतो. घास चावताना दात किंचित दबतो आणि परत वर येतो, तो या तंतूंमुळेच. डॉक्टर दाढ काढतात तेव्हा ती नुसती ओढत नाहीत. गोठ्यातला खुंटा उपटायचा तर आपण तो आधी इकडे-तिकडे हलवून सैल करतो, तसंच डॉक्टर करतात. दाढ हलवत हलवत भोवतीचं हाड थोडं फाकवतात, तंतू तुटतात आणि मग दाढ वर येते. दाढ काढल्यावर जबडाही का ठणकतो, त्याचं कारण हेच.

मागे उरतो एक खड्डा. त्याच्या भिंती हाडाच्या, त्यांवर तुटलेले तंतू आणि उघड्या पडलेल्या बारीक रक्तवाहिन्या. खड्डा लगेच रक्तानं भरतो, आणि भरायलाच हवा. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे गळती बुजवणाऱ्या सूक्ष्म चकत्या, तुटलेल्या तोंडांशी गोळा होतात. मग रक्तातलं एक प्रथिन धाग्यांचं जाळं विणतं, जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि पातळ रक्ताचा मऊ गोळा तयार होतो. हीच रक्ताची गुठळी.

दुधाला विरजण लावल्यावर जे होतं तेच इथे होतं. भांडं रात्रभर हललं नाही तर सकाळी दही कवडीसारखं घट्ट मिळतं. मध्येच कुणी ढवळलं तर पाणी सुटतं. रक्तालाही गोठताना स्थिरता लागते. डॉक्टर कापसाचा किंवा जाळीच्या कापडाचा बोळा चावून धरायला सांगतात, त्यामागे दोन हेतू असतात. दाबामुळे रक्तवाहिन्यांची तोंडं मिटतात आणि खड्ड्यातलं रक्त हलत नाही. हा बोळा अर्धा ते पाऊण तास, न काढता, न बघता दाबून ठेवायचा. "थांबलं का बघू" म्हणून दर पाच मिनिटांनी बोळा उचलला तर त्याला चिकटलेली कोवळी गुठळीही उचलली जाते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. बोलूही नये. बोलताना जबडा उघडतो आणि दाब जातो.

रोप मूळ धरेपर्यंत

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. पेठ तालुक्यात ज्यानं खाचरात भाताची आवणी केली आहे, त्याला उत्तर समजायला वेळ लागणार नाही. राबातलं रोप उपटून चिखलात खोचलं की पहिले काही दिवस ते नुसतं उभं असतं. मुळं अजून मातीत शिरलेली नसतात. त्या दिवसांत वरच्या खाचराचा बांध फुटून पाण्याचा लोंढा आला तर रोपं तरंगून जातात. आठवड्यानंतर तेवढंच पाणी आलं तरी रोप हलत नाही, कारण तोवर त्यानं मूळ धरलेलं असतं.

खड्ड्यातली गुठळी म्हणजे नुकतं लावलेलं रोप. पहिल्या दिवशी ती हाडाच्या भिंतींना धाग्यांनी जेमतेम धरून असते. पुढच्या दोन-तीन दिवसांत भिंतींमधून नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी तिच्यात शिरू लागतात. एकदा हे झालं की ती सहजी सुटत नाही.

थुंकण्यात लोंढा कुठून आला, असं कुणी विचारेल. थुंकताना काय होतं ते एकदा सावकाश करून पाहा. आधी गाल आत ओढले जातात, जीभ मागे जाते, तोंडात पोकळी तयार होते आणि लाळ पुढे खेचली जाते. मग हवेच्या झटक्यानं ती बाहेर पडते. या ओढीत गुठळीही वर खेचली जाते. नळीनं उसाचा रस ओढताना हेच होतं, बिडीचा झुरका घेतानाही हेच.

मग रक्त गिळायचं का? आजी, लाळ गिळायची. तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. दाढ काढल्यावर ती आणखी सुटते, कारण तोंडात बोळा असतो, वेगळी चव असते. तांब्याभर पाण्यात कुंकवाची चिमूट पडली तर सगळं पाणी लाल दिसतं. तसंच दोन-चार थेंब रक्तानं तोंडभर लाळ रंगते. दिसायला ते रक्त भासतं, असते बहुतेक लाळच. ती गिळली तर काही बिघडत नाही. अगदीच किळस आली तर मान पुढे झुकवून, तोंड उघडून ती वाटीत आपोआप गळू द्यावी. जोर लावायचा नाही, एवढंच.

घरी पोचल्यावर पुन्हा रक्त का येतं

हे पेठकरांच्या बाबतीत हटकून होतं आणि माणूस घाबरतो. दाढ बधिर करण्याच्या इंजेक्शनात बहुधा दोन औषधं असतात. लिग्नोकेन संवेदना थांबवतं. त्याच्या जोडीला अगदी थोडं अॅड्रेनलिन असतं, ते रक्तवाहिन्या आकसून ठेवतं. म्हणून दवाखान्यात रक्त फारसं दिसत नाही. दीड-दोन तासांत अॅड्रेनलिनचा अंमल उतरतो, आकसलेल्या वाहिन्या सैल होतात आणि थोडं रक्त पुन्हा झिरपतं. नाशिकहून निघालेली एसटी पेठच्या स्टँडवर लागते, साधारण तेव्हाच.

अशा वेळी चूळ भरायची नाही. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाची किंवा मेडिकलमधल्या जाळीच्या कापडाची घडी करायची, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळायची आणि नेमकी खड्ड्यावर ठेवून अर्धा तास घट्ट चावून बसायचं. घडी अशी जाड हवी की दात मिटल्यावर खड्ड्यावर दाब पडेल. बहुतेकांचं रक्त एवढ्यानं थांबतं. पहिल्या दिवशी लाळेत गुलाबी छटा राहिली तर काळजी नाही. असं दोनदा करूनही तोंड ताज्या लाल रक्तानं भरतच असेल, तर मात्र रात्र काढू नये, जवळच्या सरकारी दवाखान्यात जावं.

पहिला दिवस आणि पहिली रात्र

ओठ आणि जीभ दोन ते चार तास बधिर असतात. तोवर काही चावून खायचं नाही. गरम-गार कळत नाही आणि माणूस स्वतःचाच ओठ चावतो, मुलं तर नक्कीच. दुखण्याची गोळी बधिरता पूर्ण उतरण्याआधी घ्यावी, ठणका चढल्यावर तो उतरवणं अवघड जातं. गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच. घरात पडलेली अॅस्पिरिन घेऊ नये, ती बिंबिकांना चिकटू देत नाही आणि रक्त वाहत राहतं.

बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून दहा-पंधरा मिनिटं धरायचा, मग तेवढाच वेळ सोडायचा. बर्फ नसेल तर गार पाण्याची पट्टी चालते. शेक मात्र पहिल्या दिवशी नाही. उष्णतेनं रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून वाफाळता चहाही नाही.

खायला गार दूधभात, मऊ खिचडी, ताक. नागलीची आंबील या दिवसांत फार उपयोगी, पोट भरतं आणि चावावं लागत नाही. फक्त ती निववून प्यायची, वाटीनं, घोट घोट. भाकरी चार दिवस बाजूला. खुरासणीची चटणी आठवडाभर तरी नाहीच. ते बारीक दाणे खड्ड्यात जाऊन बसतात, आणि तिखट वेगळंच झोंबतं.

झोपताना उशाला एक गोधडी जास्त घ्यावी. डोकं उंच राहिलं की जबड्याकडे रक्ताचा दाब कमी राहतो. याच कारणानं एक-दोन दिवस वाकून करायचं काम टाळायला हवं. हे लिहिताना मला बायकांची काळजी वाटते. आवणीत दिवसभर कमरेतून वाकायचं, उन्हाळ्यात हंडे भरून डोंगरउतार चढायचा. वाकल्यावर डोक्याकडे रक्त उतरतं, ओझं उचलताना दाब वाढतो आणि कोवळी गुठळी सुटते. घरातल्या पुरुषांनी दोन दिवस पाणी भरलं, तर ते औषधाइतकंच मोलाचं आहे.

चौकट: पहिले २४ तास
बोळा अर्धा ते पाऊण तास, न बघता.
थुंकणं, चूळ, नळी, बिडी, मशेरी, तंबाखू, दारू नाही.
लाळ गिळा किंवा गळू द्या.
गार, मऊ खाणं, दुसऱ्या बाजूनं.
बोट, काडी, जीभ खड्ड्यात घालू नका.
हळद, चुना, हिरड्याची पूड, तपकीर खड्ड्यात भरू नका.

या शेवटच्या ओळीबद्दल थोडं सांगायला हवं. हिरड्यात तुरट द्रव्यं असतात आणि त्यांनी तोंड आकसतं, हे खरं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी ते अनुभवानंच ओळखलं होतं. पण इथे घाव कातडीवरचा नाही, हाडापर्यंतचा उघडा खड्डा आहे. त्यात पूड दाबली की गुठळी सरकते आणि पुडीचे कण आत अडकतात. मशेरीनं तर दुहेरी नुकसान. बोटानं घासल्यानं गुठळी उखडते, आणि तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसून टाकतं. मग जखम भरायला लागणारं रक्तच पोचत नाही. दाढ दुखत असताना ज्यांना मशेरीनं बरं वाटायचं, त्यांना ती सोडणं जड जातं. निदान पहिले तीन दिवस तरी डबी दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी, जमलं तर आठवडा.

दुसऱ्या दिवसापासून नियम उलटतो

चोवीस तास झाले की धुवायला सुरुवात करायची. आता गुठळी थोडी बसलेली असते आणि भोवती अन्न साचू लागतं. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर आणि झोपताना, दिवसातून चार-पाच वेळा, साधारण आठवडाभर. एवढं मिठाचं पाणी जखमेला फारसं झोंबत नाही आणि अन्नाचे कण सैल करतं. खळखळून गुळण्या नकोत. घोट तोंडात घेऊन मान हळूच या बाजूला, त्या बाजूला कलवायची आणि पाणी ओघळू द्यायचं. पाणी उकळलेलं हवं. पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरतं, उन्हाळ्यात तळाचा गाळ येतो, दोन्ही तसेच खड्ड्यात नेऊ नयेत. बाकीचे दात ब्रशनं घासायचे, खड्ड्याजवळ हात हलका.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग ओसरते. याच सुमारास आरशात खड्डा पांढरट-पिवळसर दिसू लागतो. "पू झाला" म्हणून लोक तो काडीनं खरवडतात. हे कृपा करून करू नका. बहुतेक वेळा तो पू नसतो, गुठळीवर आलेला जाळ्याचा आणि नव्या पेशींचा ओला थर असतो. गुडघ्यावरच्या जखमेला खपली धरते. तोंड सतत ओलं असल्यामुळे खपली वाळून काळी होत नाही, पांढरी आणि मऊ राहते, इतकाच फरक.

रोप वाहून गेलं तर

दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. पण काहींना दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान एकदम ठणका लागतो, कानापर्यंत, कपाळापर्यंत जातो, गोळीनं थांबत नाही. तोंडाला घाण वास येतो. आरशात पाहिलं तर खड्डा रिकामा, तळाशी हाड दिसतं. गुठळी विरघळून गेलेली किंवा निसटलेली असते आणि हाड उघडं पडलेलं असतं. हवा, पाणी, अन्न सगळं थेट हाडाला लागतं. याला दंतवैद्य कोरडा खड्डा म्हणतात. १८९६ मध्ये क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्यानं या दुखण्याचं वर्णन पहिल्यांदा लिहून ठेवलं.

साध्या दाढा काढल्यावर हे शंभरात एक ते पाच जणांना होतं. खालची अक्कलदाढ काढली तर प्रमाण बरंच वाढतं. खालच्या जबड्याचं हाड जास्त घट्ट, त्यात रक्तपुरवठा कमी, शिवाय अन्न खालीच साचतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत हे अधिक आढळतं, म्हणून अशा गोळ्या सुरू असतील तर दाढ काढण्याआधी डॉक्टरांना सांगावं.

उपाय अवघड नाही, पण तो दवाखान्यातच होतो. डॉक्टर खड्डा धुतात आणि औषधाची पट्टी भरतात. तिच्यात बहुधा लवंगेतलं दुखणं शमवणारं द्रव्य असतं, त्यामुळे लवकर आराम पडतो. घरी लवंगेचं तेल थेट खड्ड्यात ओतू नये. शुद्ध तेल नाजूक पेशींना भाजतं.

आधी सांगायच्या गोष्टी

दाढ काढायला खुर्चीत बसण्याआधी चार गोष्टी आपण होऊन सांगाव्यात, डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का. ती स्वतःच्या मनानं बंद करू नये, ते दाढेच्या रक्तस्रावापेक्षा धोक्याचं ठरू शकतं. साखरेचा आजार आहे का, कारण साखर वाढलेली असली तर जखम रेंगाळते. बाई गरोदर आहे का. आणि चौथी, आपल्या आदिवासी पट्ट्यात विसरता न येणारी गोष्ट, सिकलसेल आहे का.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकून भयंकर वेदना होतात. शरीरातलं पाणी कमी होणं, जंतुसंसर्ग, थंडी, ही त्याला निमित्तं. दाढ काढल्यावर माणूस तोंड दुखतं म्हणून पाणीच पीत नाही, आणि तेच या रुग्णाला घातक ठरतं. त्यानं वाटीनं घोट घोट पाणी दिवसभर प्यायला हवं, आणि बर्फ लावण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम हाती घेतली आहे, तिच्यात गावोगाव रक्ततपासणी होते. तपासणीचं कार्ड मिळालं असेल तर दाढ काढायला जाताना ते सोबत न्या.

डोळ्याची भीती

वरची दाढ काढली की डोळा अधू होतो, असं अजून पुष्कळ घरांत मानतात आणि किडकी दाढ वर्षानुवर्षं तशीच ठेवतात. दाढेची संवेदना मेंदूकडे नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी, दोघी मेंदूतून स्वतंत्र निघतात. वरच्या दाढेच्या नसेची एक बहीण डोळ्याच्या भोवती फिरते, म्हणून दाढेचा ठणका कधी डोळ्यामागे जाणवतो. भीती बहुधा तिथून आली असावी. दाढ काढल्यानं नजर जात नाही. खरा धोका सडकी दाढ आणि तिचा पू तसाच बाळगण्यात आहे.

पू जबड्याखाली, मानेत उतरला तर जिवावर बेततं. दाढ काढलेली असो वा नसो, हनुवटीखाली कडक सूज आली, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप चढला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर सकाळच्या एसटीची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा.

खड्डा भरतो कधी

हिरडी तीन-चार आठवड्यांत वरून मिटते. मध्येच एखादी टोकदार किरच जिभेला लागली तर तो हाडाचा सुटा कण असतो, बहुधा आपणच वर येऊन पडतो. टोचत राहिली तर डॉक्टर ती चिमट्यानं काढतात. हिरडीखाली हाड भरायचं काम मात्र सावकाश चालतं, तीन-चार महिने, कधी सहा. आधी हाड मऊ आणि विस्कळीत, मग हळूहळू घट्ट. आषाढात आवणीच्या दिवसांत काढलेल्या दाढेचा खड्डा नागलीच्या कापणीपर्यंत हाडानं बराचसा भरून येतो. तिथे नवा दात बसवायचा तर त्याचं माप साधारण तेव्हा घेतात. फार वर्षं जागा मोकळी ठेवली तर शेजारचे दात तिच्यात कलतात आणि समोरचा दात तिच्याकडे सरकू लागतो.

पेठच्या स्टँडवर उतरताना आजींनी कमरेच्या पिशवीतून मशेरीची डबी काढली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि न्यायला आलेल्या नातवाच्या हातात दिली.